मनीचे आठ उंदीर

लेकीच्या बोटातून रक्त आलं आणि पांढरा उंदीर टेबलाखाली पळाला.

आई दारातच होती. लेक ओळखपत्र घरी विसरली होती, ते द्यायला आलेली. सुट्टीतल्या संशोधन-प्रशिक्षणाचा पहिला दिवस. मेंदू आणि वागणूक यांचा अभ्यास शिकायला आलेली कॉलेजची सहा मुलं भिंतीला चिकटून उभी होती. आईने पर्स खाली ठेवली, गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली नुसता तळहात उघडा धरला. झडप घातली नाही. थोड्या वेळाने उंदीर हुंगत हुंगत आला. तिने त्याला खांद्यांमागून अलगद धरलं आणि छातीशी घेतलं. तो गप्प झाला.

लाकडाच्या भुशाचा तोच वास. पंचवीस वर्षांत बदलला नव्हता.

"मने?" विभागप्रमुख बाई दारात उभ्या होत्या. "अगं मने, तूच ना?"

"आई, तू इथे होतीस?" लेक बोट विसरली.

होती. असाच उन्हाळा, हीच खोली. ती आणि आताच्या विभागप्रमुख, दोघी एका बाकावर. तिच्या हातात उंदीर शांत व्हायचे, म्हणून सगळे तिला मनी म्हणायचे. उंदीर आपणहून ज्याच्याकडे जातात असं हे पहिलंच मांजर, असं म्हणून सर हसायचे. आपल्या आठ उंदरांना ती रोज सकाळी पाच-पाच मिनिटं हातात घेऊन बसायची, मगच चक्रव्यूहात सोडायची. ते इतरांच्या उंदरांपेक्षा लवकर वाट शोधायचे. ते का, हे तिला शोधायचं होतं. चौथ्या आठवड्यात वडील अंथरुणाला खिळले. याच मैत्रिणीच्या हाती प्रयोगाच्या नोंदींची वही देऊन ती जी गेली, ती परतलीच नाही. शिक्षण सुटलं. घरी तिने हा विषय कधी काढला नाही.

लेक पट्टी बांधायला गेली, बाकीची मुलंही तिच्यामागे गेली. दोघीच उरल्या.

"तुझी वही मी पूर्ण केली," बाई हळू म्हणाल्या. "त्यावर माझा पहिला शोधनिबंध छापून आला. त्याच जोरावर इथवर आले. तुझं नाव त्यात... राहून गेलं नव्हतं गं. मी काढलं."

आई उंदराच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग तिने त्याला पिंजऱ्यात ठेवलं, कडी लावली.

"ठाऊक आहे. छापून आला तेव्हाच ग्रंथालयात जाऊन वाचला होता. दोनदा."

बाईंना मान वर करवेना.

"चार दिवस रडले," आई म्हणाली. "पण काम चोख केलं होतंस. म्हणून तर लेकीला अर्ज तुझ्याकडेच करायला लावला."