भिवाचा चौकोन

आबांनी काठी हाणली आणि रक्त घ्यायच्या काचेच्या नळ्या ओसरीभर फुटल्या. "आमच्या घराण्यात येडं कुणी न्हाई!"

पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आपला कागद काचांतून उचलला. कोवळ्या वयात जडणारा स्किझोफ्रेनिया रक्तातून कसा उतरतो, हे त्या शोधत होत्या. कागदावर अख्खं घराणं मांडलं होतं: बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी असेल तर काळा. चौदा वर्षांच्या नातीचा गोल तेवढा काळा होता. सोळाव्या वर्षी गेलेला आबांचा धाकटा भाऊ भिवा कशानं गेला, एवढं बाईंनी विचारायची खोटी, की काठी उठली होती.

"हिरीत पडला. सांगितलं न्हवं?"

तेवढ्यात आतून किंचाळी आली. कानात कुणी ओरडतंय म्हणत नात भिंतीवर डोकं आपटत होती. बापानं तिला लाथेनं पाडलं, गोठ्यातलं दावं आणलं आणि तिची मनगटं करकचून आवळली. "देवरुषीच उतरवंल हिचं भूत!"

"हळू बांधा की, आण्णा," ती कळवळली.

आबांची काठी लेकाच्या पाठीत बसली, मग डोक्यात. तो कोसळला. आबांनी नातीचं दावं सोडलं, बाईंचं पेन हिसकलं आणि भिवाचा चौकोन कागद फाटेस्तोवर काळा केला.

"पडला न्हाई. भूत काढताना मेला, मग हिरीत टाकला. 'हळू बांध की, दादा' म्हणत हुता."

त्यांनी बाही वर सारली. "ह्याच हातानं बांधला हुता त्याला. काढा ह्यातनं किती काढायचं ते रक्त."