नावापुरतं मरण

"याम म्हणजे समुद्र, आजी," ध्रुव फोनमधून म्हणाला. "इकडे हे नाव सध्या जोरात आहे. मुलगा, मुलगी, दोघांनाही चालतं."

"पोरीला यम म्हणून हाक मारायची?" आनंदीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि खेळायला कोणाच्या घरी पाठवायची तिला? दार उघडेल का कोणी?"

फोन तेल अवीवहून होता. ध्रुवच्या मागे त्याची बायको नोआ सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. मराठी तिला "आजी" आणि "बस झालं" एवढंच यायचं.

ध्रुवने आणखी नावं सांगितली. गल म्हणजे लाट. ताल म्हणजे दव. शाकेद म्हणजे बदाम. सगळी आखूड, देवाधर्माचा वासही नसलेली. आनंदीबाईंना गंमत वाटली. लालबागच्या त्यांच्या चाळीत गणेश म्हणून हाक मारली की चार दारं उघडायची. तिकडे चार बदाम बाहेर येत असतील.

"मग आनंदी ठेवा की. आखूडच आहे."

ध्रुवने मान वळवून नोआकडे पाहिलं. "नोआला फार आवडतं गं. पण जमणार नाही. तिच्या घरचे देव मानत नाहीत, शनिवारी खुशाल गाडी काढून बीचवर जातात. पण एक गोष्ट पाळतात. जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. गेलेल्याचंच देतात."

"एवढंच ना? मग सांग, मी गेले."

"आई, काहीतरीच काय!" सून ललिता स्वयंपाकघरातून ओरडली. मुलगा माधव चहा पिता पिता ठसकला.

"आजी, मी सासूला असलं खोटं सांगणार नाही," ध्रुव म्हणाला.

"अरे, मरणार मी, मला चालतंय. तुझं काय जातं?" आनंदीबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "हे बघ. कोणी मला आई म्हणतं, कोणी काकी, कोणी आजी. आनंदी म्हणून शेवटची हाक कोणी मारली, आठवत नाही. ते नाव माझ्याबरोबरच जायचं म्हणजे."

त्यांनी तेवढ्यात योजनाही सांगून टाकली. "भिंतीवर माझा फोटो, त्याला हार. फोन चालू असला की माझ्याशी कोणी बोलायचं नाही, माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. नाहीतर पकडले जाल."

"बस झालं, आजी," नोआ मागून गोड आवाजात म्हणाली.

आनंदीबाई रुसून आडव्या झाल्या. झोप मात्र फार छान लागली. स्वप्नात समुद्र परळच्या पुलावरून अलगद आत आला आणि चाळीच्या जिन्याला लागला. पाणी कोमट होतं. गॅलरीच्या कठड्याला बदामाची पांढरी फुलं आली होती. खालून कोणीतरी "आनंदी, ए आनंदी" अशी हाक मारत होतं आणि त्यांना उत्तर द्यायची घाई नव्हती.

जाग आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता. फोटोला हार होता.

पटलं म्हणायचं शेवटी!

ललिताचे डोळे लाल झाले होते. खाली मसाल्याच्या गिरणीत मिरची चालू होती. त्या मिरचीचा सुनेने बरोबर उपयोग करून घेतला होता. शेजारची शांता, जिने दोरीवरच्या कपड्यांवरून त्यांच्याशी कायमचा अबोला धरला होता, तीही पदर तोंडाला लावून रडत होती. तिला कसं काय पटवलं असेल? आणि माधवने तर कमाल केली होती. डोकं आणि मिशी दोन्ही सफाचट. स्वतःच्या लग्नातही बायकोकडच्यांनी विनवूनसुद्धा मिशी काढली नव्हती पठ्ठ्याने.

सगळे नियम पाळत होते. आनंदीबाई माधवच्या समोर जाऊन वेडावून आल्या. तो हसला नाही.

मंडळी गच्चीवर निघाली तशा त्याही मागून निघाल्या. आज गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही. माधवने कठड्यावर केळीचं पान ठेवलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. सांबारं त्यांना जीव की प्राण. ललिताने फोन उंच धरला. फोनमध्ये ध्रुव, नोआ, मागे तिचे आईवडील आणि नोआच्या कुशीत एक गाठोडं. ध्रुव ढसाढसा रडत होता. शाळेच्या नाटकात याला कायम झाडाचं काम मिळायचं. आज बघा.

माधवने पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यांना हात जोडले. "आई, काही राहिलं असेल तर सांग गं."

एकही कावळा हलला नाही. आनंदीबाईंनी त्यांना हातानेच 'या, या' केलं. बाकी सगळं ठीक, पण कावळ्यांना अभिनय कोण शिकवणार? माणूस जिवंत असताना ते कशाला शिवतील? व्याही मंडळी बघतायत, आता सगळं उघडं पडणार आणि पोरीचं नाव बदाम ठेवणार.

"बाबा," ध्रुव नाक पुसत म्हणाला, "नाव ठरलं."

नोआने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. घोटून पाठ केल्यासारखं, एकेक अक्षर जपून ती म्हणाली, "आनंदी."

"आनंदी," ललिता म्हणाली.

"आनंदी," माधव म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

आनंदीबाईंना आता काही आवरेना. फोन चालू आहे, पकडले जाऊ, सगळं विसरून त्या दोन्ही हात पसरून माधवसमोर आल्या. "झालं ना मनासारखं! पुरे आता नाटक. तो हार काढा आणि मला चहा टाका कोणीतरी."

कोणी वळून पाहिलं नाही. टाकीवरचा एक कावळा उडाला, सरळ त्यांच्या छातीतून आरपार गेला आणि पानावर बसून त्याने सांबाऱ्यात चोच घातली.