जास्तीचं

पडद्यावर भिवाजी पाथरवटांच्या फुप्फुसातल्या हवेच्या दोन इवल्या पिशव्यांमधली भिंत विरली आणि दोन्हींची एकच पिशवी झाली.

"थांबवा की आता त्यांना, डॉक्टरीणबाई," भिवाजी म्हणाले.

चाळीस वर्षं मूर्ती घडवताना छातीत साचलेली दगडाची धूळ खरवडायला महिन्यापूर्वी सूक्ष्म यंत्रं आत सोडली होती. "थोडी राहू द्यायची का?" असं बाईंनी तेव्हा विचारलंही होतं. भिवाजींनी धंद्याच्या सवयीनं सांगितलं होतं, "कणभर नको. जास्तीचं सगळं काढा."

"धूळ भिंतींतच मुरलीय हो," बाई हळू म्हणाल्या. "सगळी निघेपर्यंत ती यंत्रं थांबत नाहीत."

धापा टाकत भिवाजींनी हात वर केला. या खुणेवर कारखान्यातली प्रत्येक छिन्नी थांबायची.

पडद्यावर पुढची भिंत विरू लागली.