आडनावाचा रकाना

“हिचं आडनाव पार, अन् याचं लियान,” रुपरावबाबू स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. “सख्खे बहीण-भाऊ म्हणता, अन् आडनावं दोन? कम्प्युटर घेऊनच नाही राहिला, मॅडम.”

नागपूरजवळच्या वाडीतल्या बालगृहाची अधीक्षिका माया खुर्चीच्या कडेवर बसली होती. सरकारी कचेरीतल्या या टेबलापुढं ही तिची तिसरी खेप. मागच्या बाकावर तेरा वर्षांची सुई पार आणि सहा वर्षांचा बोई लियान. म्यानमारहून निघालेली ही लेकरं वर्षभरापूर्वी नागपूर स्टेशनवर सापडली, तेव्हा सोबत मोठं माणूस कुणीच नव्हतं. आता कॅनडातली मावशी दोघांना घ्यायला तयार होती. शुक्रवारी दिल्लीला पोचायचं होतं. अडलं होतं ते देशाबाहेर जाण्याच्या परवानगीच्या या एका दाखल्यापाशी.

“बाबूजी, परवाच सांगतलं ना तुम्हाले. त्यांच्यात आडनाव राहतच नाही. सुई पार हे सगळं मिळून एकच नाव आहे.”

“असं कसं? आडनावाशिवाय मानूस कोन हाय, हे समजन कसं?”

आडनाव ऐकलं की समोरच्याला काय काय समजतं, ते माया चाळीस वर्षं पाहत आली होती.

“पोरगी जाऊ द्या आता,” बाबू म्हणाले. “पोराचं पुढच्या खेपेले पाहू.”

सुई पार ताडकन उठली. वर्षभरात तिला इथली बोली चांगलीच आली होती.

“मी नाही जात याले सोडून. तिकडून येतानी नदीत याले मीच खांद्यावर घेतलं होतं. तिथं कोनंच आडनाव नाही इचारलं.”

बाबू चपापले. मग पुन्हा स्क्रीनकडे वळले. “आता इथं हा कम्प्युटर विचारते, त्याले मी काय करू?”

“मग कोरं ठेवा ना!”

“कोरं नाही घेत तो.”

“तर लिहा, नाही म्हणून!” मायाचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. “हिच्यापुढं नाही, त्याच्यापुढं नाही! लिहा!”

रुपरावबाबूंनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि खरोखरच तसं टाइप केलं. दोघांच्याही पुढं. बटण दाबलं.

“घ्या. जुळलं,” ते म्हणाले. “सख्खे बहीण-भाऊ.”

शिक्का पडला. माया कागद घेऊन तडक बाहेर आली. दोघं मुलं तिच्यामागं जिना उतरू लागली. सुई पारनं तिच्याकडून कागद मागून घेतला आणि अक्षराखाली बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, “सुई पार नाही. बोई लियान नाही.”

ती पायरीवरच थांबली. भावाचा हात तिच्या हातात होता.

“ताई,” तिनं विचारलं, “पन आम्ही तं हाओ ना?”