डबा बंद करा

"अनुजाताई, तुमचं बटण खोटं बोलतंय," म्हणत सौरभ चाकाच्या खुर्चीसकट तिच्या टेबलाशी येऊन थडकला.

बटण म्हणजे 'डबा बंद करा'. सुरतेतल्या खानावळींचे डबे घरोघरी पोचवणाऱ्या ॲपचं हे ऑफिस, आणि ते ॲप बांधलेलं या दोघांनीच.

"गिऱ्हाईक बटण दाबतं, फोन म्हणतो 'झालं', आणि संध्याकाळी डबा दारात हजर. सचिन भागातला एक जण आठवडाभर गावाला गेलेला. परत येऊन बघतो तर कडीला डबा आणि डब्याला मुंग्या. खानावळवाल्या बायका वेगळ्या कावल्यात. रांधलेलं फुकट जातं ना ताई."

अनुजानं फाइल उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती.

"पत्ता मी हातानं लिहिलाय," ती म्हणाली.

बटण दाबलं की निरोप सर्व्हरवर कुठे जायचा, तो पत्ता तिनं फार पूर्वी जावास्क्रिप्टमध्ये सरळ टाइप करून ठेवला होता. ती सुट्टीवर असताना सौरभनं सर्व्हरवरचे पत्ते बदलले. सर्व्हरची स्वतःची पानं बिनघोर चालत राहिली, कारण त्यांना पत्ता पाठ नसतोच. ती हेल्परला, म्हणजे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरवरच्या छोट्या कोडला, नुसतं नाव सांगतात, डबा बंद करायचाय, कुठे जाऊ? तो सांगेल तिकडे जातात. अनुजाचं जावास्क्रिप्ट मात्र जुन्याच दारावर थापा मारत बसलं होतं. वर 'झालं' हा शब्दही तिनं उत्तराची वाट न बघताच दाखवायला लावला होता. त्या दिवसांत तिला सगळ्याचीच घाई असे.

"चूक माझीपण आहे," सौरभ म्हणाला. "पण मला काय माहीत, तुमच्यासारखं माणूस पत्ता असा ठोकून ठेवेल."

"माहीत असतं तर काय केलं असतंस?"

"तुम्हाला चिडवलं असतं." तो हसला. ती हसली नाही, तसा तोही आवरला. "सर्व्हरचे हेल्पर जावास्क्रिप्टलाही वापरता येतील असं करू या ना. मग तिथूनही नावानंच हाक मारायची. उद्या पत्ते परत बदलले तरी आपल्याला काही नाही. तासाभराचं काम. आजच करू?"

अनुजा कपातल्या चहावरची साय बघत राहिली.

तिचे वडील, बळीरामअण्णा, गेल्याला महिना होत आला होता. सुरतेतच, गोडादरा भागातल्या खोलीत ते एकटे राहायचे आणि लिंबायतच्या मंगलाबाईंचा डबा खायचे. ते गेले त्या आठवड्यात, घरभर पाहुणे असताना, तिनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून आपल्या फोनवरून त्यांचा डबा बंद केला होता. फोन म्हणाला, झालं. दिवसपाणी उरकल्यावर ती खोली आवरायला गेली, तर कडीला डबा. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'बळीरामअण्णा. तिखट कमी.' कोणती ओळ चुकली ते तिला तिथे, जिन्यात उभ्या उभ्याच कळलं होतं. तिनं कुलूप काढलं, अण्णांच्या खाटेवर बसली आणि जेवली. मीठ बरोबर होतं, एवढं तिच्या ध्यानात आलं. रडू तेव्हाही आलं नाही.

त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की ती आधी गोडादऱ्याला जायची, मग घरी. चुकीबद्दल इथे कुणाला बोलली नव्हती.

"ताई?"

"करू या," ती म्हणाली.

तिनं हातानं लिहिलेला पत्ता पुसला. त्या जागी हेल्परचं नाव घातलं. सर्व्हर हो म्हणेपर्यंत 'झालं' म्हणायचं नाही, हेही लिहिलं. बोटं आपली चालत होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

"आता तपासायचं कुणावर?" सौरभनं विचारलं. "खऱ्या माणसाचा डबा उगाच बंद व्हायला नको."

"माझ्याकडे आहे एक."

तिनं फोन काढला. अण्णांचं नाव उघडलं. बटणावर अंगठा नेला आणि तसाच ठेवला. सौरभला वाटलं नेट गेलं, त्यानं उठून पंख्यामागचा राउटर बघितला. तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

या खेपेला चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली, 'डबा बंद झाला आहे.'

"थई गयुं!" टाळी वाजवून सौरभ बाकीच्यांना सांगायला पळाला.

चहा गार झाला होता. तिनं तो पिऊन टाकला. कप खाली ठेवते तोच फोन वाजला.

"अनुजा का? मी मंगलाबाई, लिंबायतची." मागे कुकरची शिट्टी, कुणावर तरी ओरडणं. "अण्णांचा डबा बंद म्हणून मेसेज आलाय आत्ता."

"हो मावशी. आधीच व्हायला हवा होता. आमचीच चूक होती, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला गं माय. पहिले आठ-दहा डबे भरलेलेच परत आले. तेव्हाच डबे पोचवणाऱ्या रिक्षावाल्यानं सांगितलं, अण्णा गेले. म्हटलं, ॲपला काय कळतं, आपणच थांबू. तर दुसऱ्या दिवशी डबा आला रिकामा. आणि घासलेला." त्या जरा थांबल्या. "अण्णांनी जन्मात कधी डबा घासून दिला नाही. मग मी भरत राहिले."

अनुजानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज भरीत आहे, कळण्याची भाकरी आहे. ॲप राहू दे त्याच्या जागी. एवढंच सांग, अण्णांचं तिखट कमी असायचं. तुझं किती टाकू?"

अनुजानं तोंड उघडलं. आपल्याला तिखट किती लागतं, तेच तिला आठवेना.