चर्चेपुरतं घर

दोन्ही पुढाऱ्यांचं एकमत होत आलं आणि गुणाबाई हातातलं काम टाकून खिडकीशी आली.

भिवंडीच्या धामणकर नाक्यामागच्या मैदानात स्टेज होतं आणि स्टेजला लागून सरकारनं बांधलेलं नमुन्याचं घर. दहा बाय अठरा, पक्क्या विटांचं, वर पत्रा. गरिबांच्या घरांना सरकारनं पैसा द्यावा की न द्यावा, हा पंच्याण्णवच्या निवडणुकीपासूनचा वाद लोकांसमोर मिटवायचा होता, आणि घर कसलं ते लोकांना दिसावं म्हणून ते उभं केलेलं. रिकामं घर बरं दिसेना, म्हणून चर्चेवर नेमलेल्या सरकारी साहेबांनी लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या गुणाबाईला नवरा, तीन पोरं आणि सासूसकट आत बसवलं. आराखड्यात माणसं पाचच होती. तेव्हा सासूची, म्हणजे आक्कांची, नोंद सामानात झाली. आक्कांची तक्रार नव्हती. सामानाला कुणी कामं सांगत नाही.

अट एकच. एकमत झालं की त्याच संध्याकाळी घर पाडायचं आणि विटा पुढच्या चर्चेसाठी मानकोलीला न्यायच्या. चर्चेला आज सत्तावीस दिवस झाले. चार मजूर रोज पाचला पहारी घेऊन यायचे, भाषणं ऐकायचे आणि परत जायचे. त्यांची राजकारणातली समज फार वाढली होती.

आज मात्र लक्षण ठीक नव्हतं.

"अर्धा पैसा सरकारनं द्यावा," अंजूरचे केसरीनाथ भाऊ माइकवर म्हणाले.

"अर्धा घरवाल्यानं घालावा. आपल्याला मान्य हाय," विरोधी पक्षाचे बाळाराम शेठ म्हणाले आणि चक्क हसले.

एका मजुरानं तंबाखू थुंकून बाह्या सरसावल्या.

शेजारच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, काम करणारी रुकय्या धावत खिडकीशी आली. "अगो गुणाबाई, हे तर एकमेकांच्या गळ्यात पडतायत! कुछ तो कर!"

गुणाबाईनं चहा टाकला, दोन कप भरले आणि थेट स्टेजवर गेली. पुढाऱ्यांच्या हातात कप देता देता सहज विचारावं तसं म्हणाली, "भाऊ, मी अडाणी बाई. येवढंच सांगा, या घरात लूम किती बसतील?"

माइक चालू होता. प्रश्न मैदानभर ऐकू गेला.

भिवंडीत जागा फुटांत मोजत नाहीत. मुलगी दाखवायला आलेले पाहुणेसुद्धा मुलाचं घर किती लुमांचं ते आधी विचारतात. आणि सत्तावीस दिवसांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"दोन," केसरीनाथ भाऊ म्हणाले.

"दोन? तीन बसतील! मोरी काढली तर."

"मोरी काढली तर बाईनं आंघोळ कुठं करायची, शेठ?"

"लूम चालू झाल्यावर बाईला आंघोळीला टाइम कुठं हाय?"

"चार!" मागून आवाज आला. सोळा लुमांचे मालक गुलाम हुसेन शेठ, जे सभेला नुसते सावलीसाठी बसले होते, ते टेप घेऊन उभे राहिले. "माणसं बाहेर झोपली तर चार."

मग कुणी कुणाला आवरेना. लूम बसले तर ते घर की कारखाना? कारखान्याला गरिबांचा पैसा कसा? विजेचं बिल घराचं की लुमाचं? भाऊंनी आपला अर्धा पैसा परत घेतला. बाळाराम शेठ म्हणाले, आमचा अर्धा आम्ही कधी काढलाच नव्हता. साहेबांनी घाम पुसत वहीत लिहिलं, 'चर्चा पुढील शनिवारपर्यंत तहकूब.' मजुरांनी पहारी खांद्यावर टाकल्या. जाता जाता त्यातला एक म्हणाला, "आपलं मत तीन."

"आणि पुढच्या शनिवारी काय करशील?" रुकय्यानं हसता हसता डोळे पुसले.

"संडास कुठल्या पक्षाच्या बाजूला, ते विचारायचं."

घरात गुलाम हुसेन शेठ गुडघ्यावर बसून भिंत मोजत होते. टेपचं दुसरं टोक आक्कांनी धरलं होतं. गुणाबाईनं पेटीतून लग्नाचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि वरवंटा उचलला. पंधरा वर्षांत सहा खोल्या बदलल्या, पण एकाही मालकानं भिंतीला हात लावू दिला नव्हता.

"शेठ, जरा सरका," ती म्हणाली. "खिळा मारायचाय."