झिलेची जागा

रविवारी दुपारी अप्पांनी टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला, तुणतुण्याची तार पिळली आणि लेकीला म्हणाले, "गौतमे, आज झील तू धर."

गौतमी बारामतीच्या कॉलेजात शिकवायची. सुट्टीला गावी, कोऱ्हाळ्याला आली होती. "मला नाही जमायचं, अप्पा. तुम्ही म्हणा, मी बटन दाबते."

"त्यात काय जमायचं? एक सबूद तर हाय."

अप्पांच्या गायनपार्टीत पूर्वी तिघे झीलकरी होते. अप्पांनी ओळ टाकायची आणि मागून तिघांनी ती झेलायची. त्यातले दोघे वारले, तिसरा पोराकडं पुण्याला गेला. तरी एकटे गाताना अप्पा झिलेची जागा मोकळी सोडत. ती जागा दुसऱ्याची, आपण तिथं घुसायचं न्हाय, असं त्यांचं म्हणणं.

गाणं त्यांचंच होतं. गौतमी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा रचलेलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते विचारायचे, "सांगा मंडळी, लेक ही कुणाची?" आणि झीलकरी म्हणायचे, "अप्पाची!" जयंतीला गावोगाव हे गाणं व्हायचं आणि सगळी सभा वळून तिच्याकडं बघायची. तेव्हापासून हे गाणं लागलं की तिची मान आपोआप खाली जाई.

अप्पा गायले. तीन कडवी, तीन जागा. प्रत्येक जागेला तार थांबवून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती टेपच्या लाल दिव्याकडं बघत राहिली.

"कसं झालं?"

"पंख्याची घरघर फार आलीय."

"मग काय घामानं न्हात गाऊ?" अप्पा हसले. "पुढच्या रविवारी करू परत."

दुसऱ्या दिवशी तिचा तास चालू असताना कॉलेजचा शिपाई वर्गाच्या दारात आला. घरून फोन आहे म्हणाला.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. उद्या विहारात अप्पांचा स्मृतिदिन होता आणि जमलेल्यांना त्यांचा आवाज ऐकवायचं गौतमीनं आईला कबूल केलं होतं. "तेवढा पंखा काढ बाई," आई म्हणाली होती. "माणसं काय पंखा ऐकाय यायची न्हाईत."

चुलतभाऊ संघपाल याचं बारामतीत कॅसेटा भरून द्यायचं दुकान होतं. त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. खरखर, घरघर काढून टाकणारं सॉफ्टवेअर त्याला पुण्याच्या एका मित्रानं सीडीवर दिलं होतं. दुपारपासून दोघं कॉम्प्युटरपुढं बसली होती. अप्पांचं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं, तिथवर ठीक झालं. पुढं मात्र पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत राही आणि काम संपत आलं की सगळंच गोठून जाई. मग मशीन बंद करा, चालू करा, पुन्हा पहिल्यापासून.

"ह्याच्यापरास आपला ट्रॅक्टर बरा, ताई," संघपाल म्हणाला. "बिघडला तर निदान लाथ तरी घालता येती."

गौतमी हसली नाही. "पुन्हा लाव."

संध्याकाळी एकदाचं ते शेवटापर्यंत गेलं. संघपालनं स्पीकर मोठा केला. पंखा खरंच गेला होता. पण अप्पा विहिरीच्या तळातून बोलत होते. शब्द बुडबुड्यांसारखे वर येत आणि फुटत. लांबवलेला सूर तर कुठंच नव्हता.

"हे अप्पा नाहीत," ती म्हणाली.

"थांब, थांब. नमुना कुठला दिलास तू त्याला? नुसता पंखा असंल असा तुकडा दाखवायचा. त्यात जे ऐकू येतं, ते हे सगळ्या गाण्यातनं काढतंय."

"तसाच दिला. झिलेची जागा. तिथं अप्पा गप्प असतात."

संघपालनं मूळ गाण्यातली ती जागा शोधली, हेडफोन कानाला लावला आणि पुन्हा पुन्हा ऐकली. मग हेडफोन तिच्यापुढं धरला.

पंख्याची घरघर. तिच्या खाली, अगदी तिला चिकटून, अप्पांचा सूर. तोंड मिटून, बारीक, न तुटलेला. झील धरणाऱ्याला सूर सापडावा म्हणून त्यांनी तो धरून ठेवला होता.

"गप कुठं हायत ते? वाट बघत्यात," संघपाल म्हणाला. "आन आपण नेमकं तेच काढाय सांगितलं."

गौतमीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. संघपालनं दुसरा तुकडा निवडायला माऊस हातात घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "पंख्यासकट लाव. पहिल्यापासून."

"उद्या पण असंच लावायचं? काकू काय म्हणंल?"

"लाव."

त्यानं लावलं. दुकानात पंखा घरघरू लागला, तुणतुणं वाजलं, अप्पा गायले. "सांगा मंडळी, लेक ही कुणाची?" पहिली जागा आली. गौतमीनं श्वास घेतला आणि जागा निघून गेली. दुसऱ्या जागेला तिचे ओठ नुसते हलले. संघपाल तिच्याकडं न बघता वायर गुंडाळत होता.

तिसरं कडवं संपलं. अप्पांनी विचारलं, तार थांबवली आणि तिच्यासाठी सूर धरून ठेवला.

"अप्पाची," गौतमी म्हणाली.